पाण्याला वळसा

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला मुलांच्या सुट्टीतल्या खाऊविषयी लिहिताना शेवटी मी सहज म्हणून गेले होते, की आम्ही दोघं पाच दिवस बाहेर जाणार आहोत. झालं! त्या एका ओळीवर पत्रं आली. ‘मुलांना सोडून गेलात? सासूबाई काही बोलल्या नाहीत?’ असं एकीनं विचारलं, तर दुसरीनं लिहिलं, ‘कुठं गेला होतात ते सांगा, आम्हालाही जाता येईल.’ म्हणून या वेळी तीच हकीगत सांगते. पण आधीच सांगून ठेवते बरं का, ही नुसती सहलीची हकीगत नाही. जाताना माझ्या पर्समध्ये दशम्या होत्या, तसं एक भांडणही होतं.

आमचं घर कऱ्हाडचं. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या आमच्याकडे समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. संध्याकाळी शाळेतून येताना मी कधीकधी तिथं दोन मिनिटं टेकते. (माझी शाळा अर्ध्या दिवसाची, पण घरकाम पूर्ण दिवसाचं!) लग्नाला चौदा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी ह्यांनी मला संगमावर सांगितलं होतं, ‘ही कोयना महाबळेश्वराला उगम पावते. मधे तिचा केवढा मोठा जलाशय झालाय, त्याला एकदा गाडीनं वळसा घालून येऊ.’ मग मुलं झाली, मामंजींचं आजारपण झालं, घराचे हप्ते आले. दर उन्हाळ्यात वळसा पुढच्या उन्हाळ्यावर जायचा.

यंदा तो निघाला तो प्रेमानं नाही, तहाच्या अटी म्हणून निघाला. त्याचं असं झालं. मोठा आता सातवीत जाईल. दोन खोल्यांत त्याचा अभ्यास, धाकटीचा दंगा आणि सासूबाईंचा हरिपाठ हे सगळं एकत्र होत नाही. वर एक खोली चढवायची तर पैसे हवेत. आणि आमच्याकडे देशावर दोन एकरांचा एक तुकडा आहे, धरणग्रस्त म्हणून मिळालेला. वर्षाला त्यातून येतं काय, तर वाट्यानं लावलेल्या ज्वारीची दोन पोती. मी म्हटलं, ‘विकून टाकू.’ ह्यांनाही ते पटत होतं, पण सातबाऱ्यावर पहिलं नाव सासूबाईंचं. आणि सासूबाईंचं उत्तर एकच, ‘मी मेल्यावर काय ते करा.’

आता असं उत्तर आलं की सुनेनं काय बोलावं? मी बोलले नाही, पण भांडी जरा जोरात घासू लागले. आठ दिवस घरात भांड्यांचाच आवाज. शेवटी हे म्हणाले, ‘आधी तो वळसा घालून येऊ, मग बसून ठरवू.’ नणंद मुलांसाठी राहायला आली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

सासूबाईंचं माहेर त्या जलाशयाच्या तळाशी आहे. १९६० च्या सुमारास गाव उठलं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. गावाचं नाव मी देत नाही, कारण अशी कितीतरी गावं आहेत आणि प्रत्येकीला तिचंच आठवावं. निघायच्या आदल्या रात्री मी विचारलं, ‘आत्याबाई, तुम्ही पण चला की. मागच्या सीटवर पाय लांब करून बसा.’ त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘पानी बगायला कशाला जायचं एवढं लांब? पानी नळाला येतंय की.’ थोड्या वेळानं त्यांनी सोललेल्या पाकळ्या माझ्यापुढं सरकवल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या ओट्याला उखळ हुतं, दगडातच कोरल्यालं. जातं गाडीत घातलं, उखळ कसं उचलनार? ऱ्हायलंच ते.’ बस्स. एवढंच.

पहाटे पाचला निघालो. कऱ्हाडहून सातारा, तिथून कासच्या वाटेनं बामणोली. कासचं पठार तुम्ही फोटोत पाहिलं असेल, गुलाबी-निळ्या फुलांचं. ती फुलं ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतची. मे महिन्यात तिथं नुसता काळा-तांबडा कातळ असतो. मी जरा खट्टू झाले तर हे म्हणाले, ‘फुलं याच कातळावर येतात, तेव्हा तोही बघून घे.’ पुढं कासचा तलाव लागतो, साताऱ्याला त्याचं पाणी जातं. मग उतार सुरू होतो आणि एका वळणावर एकदम खाली शिवसागर दिसतो.

शिवसागर म्हणजेच कोयनेचा जलाशय. डोंगरांच्या रांगांमध्ये जिथं जिथं दरी सापडली, तिथं तिथं पाणी शिरलेलं. लांबी पन्नासेक किलोमीटर तरी सहज. पावसाळ्यात इथं साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि धरणात शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं. पण मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं. काठाला झाडांची हिरवी रेघ संपते आणि तिच्याखाली उघड्या मातीचा तांबडा पट्टा दिसतो, आंघोळीच्या बादलीला आतून पाण्याची रेघ राहते ना, तसा.

बामणोलीला एका घरात उतरलो. पर्यटकांना जेवण आणि झोपायला जागा देणारी अशी घरं तिथं आहेत. घरच्या बाईंनी तांदळाची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी आणि कैरीचा ठेचा वाढला. त्यांना सासूबाईंच्या गावाचं नाव सांगितलं, तर त्या हातातली पळी तशीच धरून म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही पाण्यातल्याच की.’ पाहुणी म्हणून आलेल्या मला त्यांनी एका वाक्यात नात्यात ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाववाल्या काकांनी आम्हाला नेलं. नावेपर्यंत पोचायलाच भेगाळलेल्या गाळातून बरंच खाली उतरावं लागलं. (साडी नेसून गेलात तर निऱ्यांना चिखलाची किनार लागेल. पंजाबी ड्रेस बरा.) नावेत जॅकेट घालायला लावलं. पलीकडच्या बाजूला वासोट्याचं जंगल, ते आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो झाला. तिकडं वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. आम्हाला जायचं होतं ते अलीकडच्या काठानं.

अर्ध्या तासानं काकांनी इंजिन बंद केलं आणि हातानं दाखवलं, ‘हे तुमचं.’

मी काय कल्पना केली होती कोण जाणे. देवळाचा कळस, वेशीची कमान असं काहीतरी. प्रत्यक्षात होती ती जोती. चौकोनी, दगडी, गुडघाभर उंचीची, अर्धी गाळात बुडालेली. एकाला लागून एक, जशी घरं असतात तशी. एका विहिरीचा गोल काठ आणि तिच्यात गच्च भरलेला चिखल. त्यावर दोन म्हशी चरत होत्या, कारण पाणी उतरलेल्या जागी गवत चांगलं येतं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आईचं घर कोणतं असेल?’

उखळ शोधायचं ठरलं. आणि गंमत अशी, की उखळ एक नव्हतं. पहिल्या ओट्यावर सापडलं तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले. चार पावलांवर दुसरं. मग तिसरं. त्या गावात दगडी ओट्यात उखळ कोरायची पद्धतच असावी. कुणाचं खोल, कुणाचं उथळ, एकाच्या काठाला टवका उडालेला, एक तर जोडउखळ होतं, एक मोठं आणि शेजारी छोटं. प्रत्येकात गाळ सुकून बसला होता. मी काडीनं उकरून साफ करत गेले. का, ते मला विचारू नका. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेलं तरी आपला हात आपोआप ओटा पुसतो, तसंच ते. सात उखळं मिळाली. त्यातलं आपलं कोणतं ते आम्हाला काही कळेना. ह्यांनी सगळ्यांचे फोटो काढले आणि आम्ही परतलो.

खरं सांगते, मी जरा हिरमुसले होते. एवढं लांब येऊन हाती काहीच आलं नाही असं वाटलं. आणि हिरमुसलेपणात माणूस काय करतं? जुनं भांडण काढतं. साताऱ्याला परत येऊन मेढ्यावरून केळघर घाटानं महाबळेश्वर चढत होतो. मी म्हटलं, ‘बघितलंत ना? जे गेलं ते गेलं. आता त्या दोन एकरांत जीव अडकवून काय उपयोग?’ हे म्हणाले, ‘घाटात नको.’ मी म्हटलं, ‘मग कधी? घरी आत्याबाई असतात, मुलं असतात. बोलायचं कधी?’ तर शांतपणे म्हणाले, ‘पठारावर.’

गाडीतल्या भांडणाची ही एक सोय आहे बघा. कुणाला दार आपटून जाता येत नाही आणि वळणावर आवाज चढवता येत नाही. वरती पोचेपर्यंत माझा निम्मा राग उतरला होता. त्यातून घाटात गाडी तापली. बॉनेट उघडून बाजूला थांबलो, एका मुलीकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली आणि चिकानं बोटं काळी होईपर्यंत खाल्ली. तेव्हा हे आपणहून बोलायला लागले. म्हणाले, ‘तो तुकडा कागदावर मिळाला आणि ताब्यात यायला किती वर्षं गेली माहीत आहे? दादा खेटे घालायचे. घरून भाकरी बांधून जायचे आणि रात्री तसेच परत यायचे. आई विचारायची नाही, काय झालं म्हणून. नुसती पाण्याचा तांब्या द्यायची.’ चौदा वर्षांत हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तिसरा दिवस जुन्या महाबळेश्वरात आणि तापोळ्यात गेला. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. इथं इवलीशी धार असलेली कोयना तापोळ्याला उतरून पाहावी तर पसरलेला सागर! महाबळेश्वरहून तापोळा अठ्ठावीसेक किलोमीटर, पण वळणं अशी की मळमळणाऱ्या बायकांनी आधीच काळजी घ्यावी. तिथं नावा आहेत, गाड्या पलीकडं नेणारा तराफाही आहे. काठावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांचं गाव अर्धं उठलं आणि अर्धं वर सरकून राहिलं होतं. म्हणाले, ‘धरणाची वीज सगळ्या महाराष्ट्राला गेली, आमच्याकडं यायला मात्र लई वर्षं लागली. रॉकेलच्या चिमणीत पोरं शिकली.’ राग नव्हता आवाजात. राग जुना झाला की त्याची अशी साधी वाक्यं होतात.

चौथ्या दिवशी आंबेनळी घाटानं पोलादपूर, मग खेड आणि चिपळूण. घाट उतरला की हवा एकदम घामट होते. चिपळूणला संध्याकाळी वाशिष्ठीच्या पुलावरून पाणी बघत होतो. नदीला मे महिन्यातही बरं पाणी. हे म्हणाले, ‘यात कोयनेचं पाणी आहे.’ मला वाटलं चेष्टा करताहेत. पण खरंच तसं आहे. कोयना स्वतःच्या वाटेनं पूर्वेकडं आमच्या कऱ्हाडला येते, पण धरणात अडवलेलं तिचं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणलं आहे. कोकणाच्या बाजूला पोफळीला ते शेकडो मीटर खाली पडतं, डोंगराच्या आतल्या वीजघरातली जनित्रं फिरवतं, आणि पुढं वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. १९६२ मध्ये ही वीज सुरू झाली. आज सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. चौथ्या टप्प्यासाठी तर १९९९ मध्ये भरल्या जलाशयाच्या तळाशी भोक पाडून पाणी घेतलं. त्याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात.

त्या रात्री खोलीतला पंखा सुरू करताना माझा हात बटणावर जरा थांबला. माझ्या मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा कूट दोन मिनिटांत होतो. त्या दोन मिनिटांमागे कुणाचं तरी दगडातलं उखळ आहे, हे मला चौदा वर्षं संगमाजवळ राहून कळलं नव्हतं.

पाचव्या दिवशी कुंभार्ली घाट चढून कोयनानगर. बागेतून धरण दिसतं. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या थोडी वर. बघून छाती दडपते. इथंच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. साडेसहाच्या आसपास रिश्टरचा. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो घरं पडली. धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं. पुढं ते आणखी बळकट केलं. जलाशयातल्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध अभ्यासणारे शास्त्रज्ञ जगभर कोयनेचं उदाहरण देतात, आणि आमच्या कऱ्हाडला त्यासाठी खोल विवरं खणून अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. सासूबाईंचं कुटुंब तेव्हा देशावर पत्र्याच्या शेडमध्ये होतं. त्या म्हणतात, ‘पत्रा हलला, पर पडला न्हाई. तवा पयल्यांदा वाटलं, बरं झालं घर न्हाई आपल्याला.’

पाटणमार्गे संध्याकाळी घरी पोचलो. गाडीच्या काट्यावर साडेचारशे किलोमीटर भरले होते. मुलं अंगावर पडली, नणंदेनं चहा टाकला. जेवणं झाल्यावर ह्यांनी सासूबाईंपुढं फोन धरला. मी मनात म्हटलं, आता रडतील. कसचं काय! चष्मा लावून त्या एकेक फोटो असा बघायला लागल्या, जशी मी मुलांच्या वह्या तपासते.

पहिला फोटो. ‘हे आपलं न्हवं. हे म्हादूकाकाचं. त्याची काकू मिरची कांडायची तर अख्खी आळी शिंकायची.’

दुसरा. ‘हे सुतारांचं. टवका बग. मुसळ लोखंडाचं आनलं हुतं, त्यानं फुटला.’

तिसरा जोडउखळाचा. ‘हे दोन जावांचं. धाकटीला थोरली हात लावू देत नव्हती, म्हनून सासऱ्यानं शेजारी दुसरं कोरून दिलं.’ आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. (नावं मी बदलली आहेत. पण जावांची गोष्ट तशीच आहे!)

असं करत सहा झाली. सातव्याला त्या थांबल्या. बोटानं फोटो मोठा करायला मोठ्यानं शिकवलं. मग म्हणाल्या, ‘हेबी न्हवं. आपलं आजून खाली, वढ्याकडंला. ते पान्याच्या भाईर येत नसंल.’ आणि फोन परत दिला.

त्यांचं उखळ सापडलं नाहीच. पण त्यांनी सहा घरं बायकांसकट माझ्यापुढं उभी केली होती. कुणाची लेक सोलापूरकडं गेली, कुणाचा भाऊ रायगडला, कोण ठाण्याला. एका आळीतली माणसं कुठल्या कुठं पांगली. मी धीर करून म्हटलं, ‘आत्याबाई, मी ती जमीन विकायचं परत नाही काढणार. पण मला एवढं सांगा, तुमचा जीव तिच्यात का? तिथं तर तुम्ही वर्षातून एकदाही जात नाही.’

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. ‘माज्या आयचं नाव त्या गावात कशावर नव्हतं. ना घरावर, ना वावरावर. गाव बुडालं तवा कागद बापाच्या नावचा. आय मेली, तिचं नाव कुटंच न्हाई. ह्ये दोन एकर म्हंजे माजं नाव लिवल्यालं एकच जागा हाय. दुसरी आसंल तर दाव मला.’

मैत्रिणींनो, मी बीए झालेली, शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी बाई. मी मनातल्या मनात घर धुंडाळलं. घर ह्यांच्या नावावर. गाडी ह्यांच्या नावावर. विजेचं बिल अजून मामंजींच्या नावावर! माझं नाव म्हणजे रेशनकार्डावरची एक ओळ आणि स्टीलच्या डब्यांवर कोरलेली अक्षरं. मला उत्तर देता आलं नाही.

जमीन विकली नाही. वरची खोली सध्या राहिली. बाहेरच्या खोलीत कपाट आडवं लावून मोठ्याचा कोपरा केला आहे, आणि हरिपाठाची वेळ अभ्यासाच्या आधी आणली आहे. (हे सासूबाईंनीच आपणहून सुचवलं.) घरावर माझंही नाव लावण्यासाठी हे वकिलांकडे जाऊन आले. मी मागितलं नव्हतं. फोटोंची रात्र संपल्यावर दिवा मालवताना एवढंच म्हणाले, ‘आईनं विचारलं त्याचं उत्तर तुझ्याकडं असायला हवं.’

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शेती आहे त्यांच्यासाठी एक माहिती देते. १९९२ मध्ये राज्य सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना काढली. नवऱ्यानं हयातीत, राजीखुशीनं अर्ज केला तर त्याच्या नावच्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. शहरातल्या घराची रीत वेगळी, ती वकिलाला विचारून करावी. आणि २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. निदान आपला सातबारा, घराचा उतारा एकदा उघडून वाचा. आपण वाण्याचं बिल वाचतो तितक्या बारकाईनं वाचला तरी पुरे.

आता जाणार असाल तर थोडं कामाचं सांगते.

घर सोडण्याआधी: दूध, पेपर बंद करा, गॅसची टाकी शिल्लक आहे ना बघा, आणि राहणाऱ्या माणसाला औषधांच्या वेळा कागदावर लिहून द्या. सांगितलेलं विसरतं, लिहिलेलं राहतं.

वाटेत: सातारा, महाबळेश्वर, चिपळूण अशा मोठ्या ठिकाणी पेट्रोल भरून घ्या. बामणोली-तापोळ्याकडं फोनची रेंज जाते-येते, तेव्हा रोख पैसे जवळ ठेवा. तराफ्यानं गाडी न्यायची असेल तर पाणी कमी असताना आधी चौकशी करा. घाटातून निघण्यापूर्वी पोट रिकामंही नको, भरलेलंही नको. आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून वाळवलेला किंवा आवळासुपारी तोंडात ठेवली की मळमळ कमी होते. नावेत जॅकेटशिवाय बसू नका, पोहता येत असलं तरीसुद्धा. पाणी उतरलेल्या गाळावर एकटं खोल जाऊ नका, वरून सुकलेला दिसला तरी पाय आत जातो.

शिदोरी: दोन वाट्या कणकेत दोन चमचे तूप, अर्धा चमचा मीठ आणि थोडे जिरे घालून ती पाण्याऐवजी कोमट दुधात घट्ट भिजवावी. अर्ध्या तासानं जाडसर दशम्या लाटून मंद आचेवर तुपावर भाजाव्यात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगल्या राहतात. सोबत लसणीची कोरडी चटणी. चटणी शक्य असेल तर उखळात किंवा खलबत्त्यात कुटा. मिक्सरनं ती पेस्ट होते, कुटली की चटणी होते.

आमच्याकडे खलबत्ता माळ्यावर पडला होता. मी तो खाली काढला आहे. सासूबाईंना गुडघ्यामुळं खाली बसवत नाही, म्हणून ओट्यावर ठेवला. परवा त्या लसूण सोलत होत्या आणि मी कुटत होते. म्हणाल्या, ‘जोरात न्हाई, फिरवून मार.’ चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला स्वयंपाकातलं काही शिकवलं आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

पुढच्या मे महिन्यात पाणी जास्त खाली गेलं, तर ओढ्याकडची जोती उघडी पडतील असं नाववाले काका म्हणाले होते. मी ते घरी सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण काल त्यांनी ह्यांना सहज विचारलं, ‘त्या गाडीत मागं पाय लांब करता येत्यात व्हय?’

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याआधी धान्य कसं भरावं ते सांगेन. पत्रं लिहीत राहा.